पुढच्या डाव्या चाकातून अचानक कर्कश घासण्याचा आवाज, ब्रेक दाबूनही फरक पडत नाही

पाचवा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. एकूण धाव ६२,००० किमी. पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे ठोकळे) ४१,००० ला बदललेत, डिस्क मूळच्याच आहेत. टायर १८५/६५ आर १५.

रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात बारीक खडी पसरली होती. तिथून डांबरावर आल्याबरोबर पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा मोठा आवाज सुरू झाला. रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतका मोठा. आत्तापर्यंत लक्षात आलेलं असं:

आवाज सलग आहे, टकटक नाही. वेग वाढला की सूर चढतो. क्लच दाबून न्यूट्रलला टाकलं तरी तसाच राहतो. ब्रेक हलका दाबला किंवा जोरात दाबला तरी आवाज तोच. उजवीकडे वळताना जरा वाढतो. रिव्हर्स घेताना सूर बदलतो, एकदा तर दोन-तीन सेकंद थांबलाही. ब्रेक पेडल नेहमीच्याच उंचीवर लागतंय, गाडी एका बाजूला ओढत नाही, ब्रेकचा लाल दिवा लागलेला नाही. ब्रेक ऑइलची पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये, पण खालच्या खुणेकडे झुकलेली.

उजवीकडे वळताना वाढतो म्हणजे डावं बेअरिंग गेलं, असं एका मेकॅनिकने फोनवरच सांगितलं. ते बदलण्याआधी घरी काय काय तपासता येईल? जॅक, दोन स्टँड, पाने, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आहे. आणि गॅरेज १२ किमीवर आहे, तिथपर्यंत गाडी चालवत न्यावी का?

हब_बेअरिंग

बेअरिंगवर इतक्या लवकर शिक्का मारू नका. वळणाची परीक्षा बरोबर आहे, पण ती एकटी पुरत नाही. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून डावं बेअरिंग खराब असेल तर तेव्हा ते जास्त बोलतं. पण त्याच भाराने हबही (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) केसभर कलतो आणि त्याच्यासोबत डिस्क कलते. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात काही अडकलेलं असेल तर तो आवाजही नेमका तेव्हाच वाढणार.

बेअरिंग खराब होतं ते हळूहळू. आधी ५०-६० च्या वेगाला बारीक घुमणं ऐकू येतं, ते टायरचा आवाज म्हणून सोडून दिलं जातं, मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याची घरघर होते. सूर खालचा आणि जाडा असतो. खडीच्या पट्ट्यातून बाहेर पडताच एका क्षणात सुरू झालेला, उंच सुरातला, रिव्हर्सला बदलणारा आवाज बेअरिंगचा असणं अवघड आहे. मोठ्या खड्ड्यात जोरात आदळून बेअरिंगच्या आतल्या पट्टीवर खळगे पडू शकतात, पण तसा दणका तुम्ही लिहिलेला नाही.

माझा अंदाज: डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची थाळी असते, तिला डस्ट शील्ड म्हणतात. डिस्क आणि त्या पत्र्यात काही मिलिमीटरचीच फट असते. त्यात खडी अडकली आहे. पत्रा पातळ असल्यामुळे तो स्पीकरच्या पडद्यासारखा काम करतो, म्हणून एवढ्याशा खड्याचा आवाज इतका मोठा येतो. ब्रेकने फरक पडत नाही तोही यामुळेच. पॅड दाबले काय, सोडले काय, खडी आपली घासतच राहते.

आधी हे करा. मोकळ्या सपाट जागी रिव्हर्समध्ये चालण्याच्या वेगाने ५-७ मीटर मागे जा, थोडा झटका देऊन ब्रेक लावा, मग पुढे या. तीन-चार वेळा. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे ठेवूनही करा. बऱ्याचदा खडा खाली पडतो आणि आवाज पंख्याचं बटण बंद केल्यासारखा थांबतो.

पाना_सतरा

वरच्या उत्तराशी सहमत, पण गाडी मागेपुढे करायच्याही आधी एक काम: पाना घेऊन चारही चाकांचे नट हाताने तपासा. एखादा नट ढिला असेल तर बाकी सगळी चर्चा थांबते. ढिल्या चाकाचा आवाज कमी वेगात ठकठक असा असतो, सोबत स्टिअरिंग किंवा सीट हलते, वेग वाढला की कधीकधी आवाज दबतो आणि लोक निर्धास्त होतात. त्या अवस्थेत एक किलोमीटरही चालवू नये. तुमची लक्षणं तशी नाहीत हे मान्य, पण हे बघायला दोन मिनिटं लागतात.

१२ किमीबद्दल: पेडल घट्ट, ऑइल गळत नाही, नट घट्ट, चाक तापत नाही, जळका वास नाही, असं सगळं असेल तर ३०-४० च्या वेगाने जाता येईल. पेडल खोल जाऊ लागलं, ब्रेक लावताना खरखर पायाला जाणवली, गाडी एका बाजूला ओढली किंवा चाकातून धूर आला, तर जिथे असाल तिथे थांबा आणि टोइंग बोलवा.

चाक तापलंय का ते बघताना डिस्कला हात लावू नका. दहा मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा, थांबा, तळहात रिमपासून चार बोटं लांब धरा. डाव्या-उजव्या चाकांत फरक असेल तर कळतोच. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही डिस्कवर एकाच जागी रोखून आकडे घ्या. एकच बाजू दुसरीपेक्षा ४०-५० अंशांनी गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटून राहतोय.

लायनर_ड्रम

चाक काढायचंच आहे तर नीट क्रमाने काढा, म्हणजे एकाच फेरीत सगळं कळेल.

गाडी सपाट, टणक जमिनीवर. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण. गाडी उचलण्याआधी चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा. जॅक फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. उचलल्यावर लगेच स्टँड लावा आणि मगच हात आत घाला. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, एवढा एक नियम पाळाच.

आता गिअर न्यूट्रलला आणा आणि चाक अजून लावलेलंच असताना हाताने फिरवा. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. आवाज सलग येतोय की फेऱ्यातून एकदा? सलग घासणं म्हणजे पत्र्यात रुतून बसलेली वस्तू, ती अख्ख्या फेऱ्यात डिस्कला लागत राहते. फेऱ्यातून एकदाच येणारं ‘खर्र’ म्हणजे पत्रा वाकून डिस्कच्या उंच भागाला लागतोय, किंवा डिस्कच वाकडी आहे. रस्त्यावरही हा हिशेब लावता येतो. तुमच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला ५.५ मीटर, म्हणजे चाकाचे जवळजवळ तीन फेरे. त्या वेगाला सेकंदाला तीन ठोके ऐकू आले तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे: टायरमध्ये रुतलेला खिळा किंवा खडा, डिस्क, हब. इंजिनच्या फेऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणूनच न्यूट्रलला टाकून फरक पडला नाही.

चाक फिरत असताना दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा, टायरपासून लांब. बेअरिंगच्या गोळ्या खराब असतील तर कानाला कळायच्या आधी स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना लागते. चाक गुळगुळीत फिरलं तर बेअरिंगवरचा संशय बराच कमी झाला. मग चाक वर आणि खाली धरून, एका हाताने ढकलत आणि दुसऱ्याने ओढत, हलवून बघा. खटका लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा). कोणाला तरी त्याच वेळी ब्रेक दाबून ठेवायला सांगा: खटका नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खटका आला तर टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचं) टोक बघा.

मग चाक काढा. बॅटरीच्या उजेडात डिस्क आणि पत्र्यामधली फट वरून, बाजूने आणि विशेषतः खालून बघा, खडी बहुतेक खालच्या अर्ध्यात बसते. लांब पातळ स्क्रू ड्रायव्हरने पत्रा हलकेच मागे ढकला, खडी पडेल. पत्रा ॲल्युमिनियमच्या पन्नीइतका नसला तरी हाताने वाकतो, तेव्हा तो पुन्हा सरळ करून चहूबाजूंनी सारखी फट आहे ना ते बघा. बाजूने चालणारी एबीएस सेन्सरची वायर ओढली जाणार नाही याची काळजी घ्या.

चाक काढलंच आहे तर पॅड मोजा. दोन्ही मोजा, आतला आणि बाहेरचा, आणि प्रत्येक पॅड दोन्ही टोकांना. रिमच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा. नुसतं मसाल्याचं अस्तर मोजायचं, मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. नवं अस्तर साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमीला बदलायचं. तुमचं ऑइल खालच्या खुणेकडे आलंय ते पॅड झिजल्याचंच लक्षण असू शकतं: पॅड झिजले की पिस्टन (पॅड दाबणारे दट्टे) पुढे येतात, त्यांच्यामागे ऑइल जातं आणि डब्यातली पातळी उतरते. म्हणून आत्ता वरून ऑइल ओतू नका. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल डब्यात परत येतं, आधी भरलं असेल तर बाहेर सांडतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं.

धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. ब्रेक क्लीनरचा फवारा आणि कापड.

दुसरा_गिअर

याच विषयात एक विचारतो. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर आवाज येतो आणि मग बंद होतो. तोही खडा का?

हब_बेअरिंग

नाही, तो गंज. डिस्क साध्या बिडाची असते, ओली राहिली की काही तासांत तिच्यावर तांबूस थर येतो. पहिल्या चार-सहा ब्रेकला पॅड तो खरवडून काढतात. चिंता नको. पॅडच्या झिजेची सूचना देणारी स्प्रिंग पट्टी वेगळी: अस्तर दोन-तीन मिमी राहिलं की ती डिस्कला टेकते आणि चालताना बारीक शिट्टी वाजते, ब्रेक दाबला की ती बऱ्याचदा थांबते किंवा बदलते. ती सकाळी आली आणि गेली असं होत नाही, रोज वाढत जाते. सगळ्या पॅडना ही पट्टी नसते, कधीकधी ती फक्त आतल्याच पॅडला असते, त्यामुळे शिट्टी नाही म्हणजे पॅड चांगले असं समजू नका.

पाचवा_गिअर

मागेपुढे करून खडी निघाली नाही. मग चाक काढलं. डिस्कच्या मागे, पत्र्याच्या खालच्या कडेला, साधारण ८ मिमीचा काळा खडा रुतला होता. काढल्यावर आवाज पूर्ण बंद. डिस्कच्या आतल्या बाजूवर, कडेजवळ, गोल ओरखडा आहे, नखाला अडकतो पण उथळ आहे. बेअरिंगला खटका नाही, स्प्रिंगवर खरखर नाही.

पण पॅड मोजले तेव्हा दुसरंच निघालं. आतला पॅड वरच्या टोकाला ५.५, खालच्या टोकाला ५ मिमी. बाहेरचा वर ६ आणि खाली ३.५. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) वरची स्लाइड पिन, ज्यावर तो सरकतो ती, हाताने सहज सरकते, खालची जागची हलत नाही. डिस्कवर किमान जाडी २० मिमी कोरलेली आहे, व्हर्नियरने २१.२ आली. उजव्या चाकाचे चारही आकडे ५.५ ते ६ च्या आत. आता पिन मोकळी करून हेच पॅड चालवावेत का?

लायनर_ड्रम

पॅड बदला, दोन्ही चाकांचे एकत्र. पॅडचं आयुष्य सर्वात पातळ टोकावरून धरायचं, आणि ते ३.५ आहे. शिवाय तिरपा झिजलेला पॅड मोकळ्या कॅलिपरमध्ये पुन्हा घातला तर तो डिस्कवर पूर्ण टेकत नाही, आणि कुई वाजायला सुरुवात होते. उजवे चांगले आहेत म्हणून फक्त डावे बदलले तर दोन्हीकडे पकड वेगळी होऊन ब्रेक लावताना गाडी ओढेल.

झीज वाचायला शिका, ती दोष कुठे आहे ते सांगते. तुमच्या कॅलिपरला पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. बाहेरचाच पॅड जास्त झिजला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही, पिना बघा. आतलाच जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाहीये, त्याचं रबर फाटून आत गंज धरला असण्याची शक्यता मोठी. आणि एकाच टोकाला तिरपा झिजला असेल तर एकच पिन अडकली आहे, किंवा पॅडचा कान ब्रॅकेटच्या (पॅड धरणाऱ्या चौकटीच्या) खाचेत गंजाने धरलाय. तुमच्याकडे खालची पिन, ते जुळतंच.

कॅलिपर सोडवला की तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. पिन खेचू नका, आधी पान्याने दोन्हीकडे थोडी थोडी फिरवत मोकळी करा. बाहेर आल्यावर पूर्ण पुसा. खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या, घासून गुळगुळीत करण्यात अर्थ नाही, घासलं की भोकात सैल होऊन ती खडखडते. भोकातलं जुनं काळं ग्रीस कापडाने आणि ब्रेक क्लीनरने काढा. रबरी बूट (पिनेवरचं पाणी-धूळ अडवणारं आवरण) फाटका असेल तर पाणी तिथूनच आत गेलंय, तोही बदला. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन्ही पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबराची बाही असते. कुठली वर, कुठली खाली, ते आधी खडूने लिहून ठेवा. आणि ती बाही फुगलेली दिसली तर कारण सापडलं: पूर्वी कोणीतरी साधं चेसिस ग्रीस लावलंय. खनिज तेलाचं ग्रीस रबर फुगवतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं ग्रीसच लावा, पातळ थर. भोक भरून ग्रीस घातलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. पिन घालताना बुटाची कड बोटाने जरा उचलून हवा काढून टाका.

पिस्टन मागे ढकलताना ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा, जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू दाबा. बुटात घडी पडली नाही ना ते बघा.

पाना_सतरा

डिस्कबद्दल: २१.२ हा आकडा पुन्हा घ्या. वापरलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते, व्हर्नियरचे जबडे त्या धारेवर बसतात आणि जाडी खरीपेक्षा जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकेक सपाट वॉशर, धारेपेक्षा उंच आणि जाडी माहीत असलेला, धरून मोजा आणि दोन्ही वॉशरची जाडी वजा करा. कमीत कमी चार ठिकाणी. ओरखडा पडलाय तिथेही मोजा, तिथली जाडी धरायची. सगळीकडे २०.८ च्या वर आली तर नव्या पॅडबरोबर हीच डिस्क चालेल. २०.३ च्या आसपास आली तर पॅड संपायच्या आधी ती किमान जाडीखाली जाईल, मग आत्ताच दोन्ही बदललेल्या बऱ्या.

डिस्क काढलीत तर हबचा आणि डिस्कचा एकमेकांना टेकणारा भाग वायर ब्रशने पूर्ण साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा अडकला तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागतं. ब्रॅकेटच्या खाचांमध्येही ब्रश फिरवा, पॅड तिथे बोटाच्या जोराने सरकला पाहिजे.

नवे पॅड बसवल्यावर पहिली गोष्ट, गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे असतात, पहिले काही दाब पोकळच जातात, आणि नेमकं तेव्हाच गाडी गॅरेजच्या भिंतीला लागते. मग ऑइलची पातळी बघा. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, शेवटची आवळणी चाक जमिनीला टेकल्यावर. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासा.

पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा ब्रेक, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट नुसतं चालवायचं. पूर्ण थांबून गरम डिस्कवर पाय दाबून ठेवू नका, पॅडचा मसाला त्या एका जागी चिकटतो.

पाचवा_गिअर

वॉशर लावून मोजलं. सहा ठिकाणी २०.९ ते २१, ओरखड्यात २०.८. डिस्क ठेवतो. खालच्या पिनेची बाही फुगलेलीच निघाली. पिना, बूट आणि पॅडचा सेट मागवतोय. मागचे ड्रम एवढ्यातच उघडून बघावेत का?

लायनर_ड्रम

६२,००० ला उघडलेच पाहिजेत, आवाज नसला तरी. ड्रमवर दोन आट्याची भोकं असतात, त्यात बोल्ट सारखे सारखे आवळले की ड्रम सुटून येतो. हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून या वेळी अडण पुढच्या चाकांना आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. शूवर (ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या कमानीवर) अस्तराची कड उचकटलेली आहे का ते नखाने चाचपा. चिकटवलेलं अस्तर सुटलं तर ते ड्रममध्ये पाचर बनून चाक अडवू शकतं. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याचं) रबर जरा उचलून बघा: आत ओल असेल तर तो गळतोय, आणि तसं असेल तर ऑइलची पातळी उतरायला पॅडशिवाय दुसरंही कारण आहे.